झाडागणिक आठवण

मुरबाड-शहापूरकडच्या एखाद्या जुन्या माणसाला वाट विचारून बघा. तो डावीकडे-उजवीकडे सांगत नाही, किलोमीटर तर नाहीच नाही. "मोहापर्यंत सरळ जा, पुढं वाकडा ऐन लागंल, तिथनं ओहळात उतर, उंबराच्या अंगानं वर चढलास का गाव." एवढ्यात पत्ता संपतो. ऐकणाऱ्याला ऐन ओळखता येत असेल, मोह आणि उंबर वेगळे कळत असतील, तर तो अंधारातही पोचतो. नसतील, तर भर दुपारी चुकतो.

आमचं गाव सरळगावहून किन्हवलीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, दोन्ही तालुक्यांच्या शिवेजवळ. बाजारहाट मुरबाडला आणि मामाचं गाव शहापूरकडे, माहुलीच्या पायथ्याशी. त्यामुळे बालपण दोन तालुक्यांत वाटलं गेलं. रान मात्र दोन्हीकडे तेच. साग, ऐन, कुडा, मोह, पळस, काटेसावर, मधूनच हिरड्या-बेहड्याचं एखादं उंच झाड. शाळेतल्या पुस्तकांची पानं आता मला फारशी आठवत नाहीत. पण त्या रानातलं झाडन्‌झाड अजून जागच्या जागी दिसतं, आणि प्रत्येक झाडाला काही ना काही चिकटलेलं असतं. कुणाचं लग्न, कुणाचं भांडण, बैल हरवला ती संध्याकाळ, आजोबा गेले तो पावसाळा. हिरवाईत राहणाऱ्या माणसाच्या डोक्याचं नेमकं काय होतं, त्याचं लक्ष आणि त्याची आठवण कशी घडते, याचा अभ्यास गेल्या तीस-चाळीस वर्षांत जगभर सुरू झाला आहे. तो वाचताना मला सतत आमची आजी आठवत राहिली, म्हणून हे लिहायला बसलो.

आजीला अक्षरओळख नव्हती. पण तिच्याजवळ जे होतं, ते मी पुढे शिकलेल्या कुठल्याही माणसाजवळ पाहिलं नाही. मृगाच्या आधी वळवाचा एखादा जोरदार पाऊस झाला, की ती दुसऱ्या दिवशी पहाटेच टोपली घेऊन निघायची आणि आम्हा पोरांना मागे घ्यायची. शेवळं काढायला. जमिनीतून सरळ वर येणारे ते जांभळट कोंब थोडेच दिवस मिळतात, आणि मिळतात ते ठरलेल्या जागी. आदल्या वर्षी कुठल्या झाडाच्या पाचोळ्यात होते, ते लक्षात असलं तरच यंदा सापडतात. शिवाय नुसती शेवळं आणून भागत नाही. आतला पिवळा भाग काढून टाकावा लागतो, आणि सोबतीला काकडाची आंबट फळं हवीत, नाहीतर घसा खाजतो. म्हणजे शेवळांची जागा माहीत हवी, आणि त्याच दिवसांत काकडाचं झाड कुठे फळलंय तेही माहीत हवं. एका भाजीपायी रानातल्या दोन जागा डोक्यात पक्क्या होत.

मग आषाढ-श्रावणात रानभाज्यांची रांगच लागायची. कुळू, टाकळा, लोत, भारंगी, कुर्डू, कंटोळी. टाकळा कोवळा असतानाच खुडायचा. भारंगीची पानं उकडून पाणी ओतून द्यायचं, म्हणजे कडूपणा जातो. अळंबी कुठल्या वारुळाजवळ उगवतात, ती जागा तर माणूस सख्ख्या भावालाही सांगत नसे. आजीला यातलं निम्मं ठाकरवाडीतल्या बायांनी शिकवलेलं, आणि ती ते मोकळ्या मनाने सांगायची. "आपल्याला काय कळतंय? ह्यांना इचारा," म्हणायची. आजही जूनच्या सुरुवातीला कल्याण-ठाण्याच्या बाजारात शेवळांच्या जुड्या घेऊन ज्या बाया बसतात, त्या याच पाड्या-वाड्यांवरच्या ठाकर आणि कातकरी बाया. त्यांच्या त्या जुडीमागे केवढी स्मरणशक्ती उभी आहे, हे घासाघीस करणाऱ्याने एकदा ध्यानात घ्यावं.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. रान आम्हाला हौसेने आठवत नव्हतं. श्रावणात कणगी तळाला गेलेली असायची. नवं भात हाती यायला अश्विन-कार्तिक उजाडायचा. मधले दिवस रान जगवायचं, म्हणून रान लक्षात ठेवावं लागायचं. त्या हिरवाईत राहणं म्हणजे सगळा आनंदच होता, असं कुणी म्हणू नये. भातसा, तानसा, मोडकसागर या धरणांचं पाणी मुंबईला जातं. मुंबईला लागणारं जवळजवळ निम्मं पाणी एकट्या भातसाचं असतं. आणि याच शहापूर तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बायका हंडे घेऊन कोरड्या विहिरीच्या तळाशी उतरतात. हे दुःख त्या हिरव्या चित्रातच आहे, ते बाजूला काढून मला आठवणी सांगता येत नाहीत.

पण लक्ष देण्याची जी सवय त्या रानाने लावली, तिचं मोल मला उशिरा कळलं. परतीच्या वाटेवर आजी विचारायची, "आज नवं काय दिसलं?" रोजची वाट, रोजचेच बांध, त्यात नवं काय दिसणार? तरी सांगावंच लागे. पळसाला पहिली कळी. सुगरणीचं घरटं अर्धं झालंय. वाकड्या ऐनाच्या बुंध्यावर डिंक आलाय. तेरडा यंदा लवकर उगवलाय, म्हणजे गौरीला पुरेसा मिळेल. काही सांगता आलं नाही तर ती रागवायची नाही, नुसती म्हणायची, "डोळं घरी ठेवून आलास व्हय?" दुसऱ्या दिवशी मी चार गोष्टी जास्त बघायचो.

मिशिगन विद्यापीठातल्या रेचल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याने १९८९ साली एक ग्रंथ लिहिला, त्यात याचीच मीमांसा आहे. त्यांचं म्हणणं असं, की माणसाचं लक्ष दोन तऱ्हेचं. एक आपण जोर लावून एका जागी धरून ठेवतो ते. गणित सोडवताना, गर्दीतून गाडी चालवताना ते लागतं, आणि ते थकतं. दुसरं आपोआप ओढलं जातं. पानांची सळसळ, वाहता ओहळ, ढगांची सावली डोंगरावरून सरकते ती. या दुसऱ्यात मन रमतं तेवढा वेळ पहिलं विसावा घेतं आणि पुन्हा ताजं होतं. २००८ साली त्याच विद्यापीठात मार्क बर्मन आणि सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिलं. त्याच माणसांना एकदा झाडीतून फिरायला पाठवलं, एकदा शहराच्या गजबजलेल्या रस्त्यांवरून. आधी आणि नंतर आकड्यांची माळ उलट्या क्रमाने म्हणायला लावली. झाडीतून आल्यावर कामगिरी सुमारे वीस टक्क्यांनी सुधारली. रस्त्यावरून आल्यावर तसा फरक पडला नाही.

आकडे उलटे म्हणायचे, हे वाचलं आणि आमची चिंचेखालची शाळा डोळ्यांसमोर आली. शाळेची खोली एकच आणि वर्ग चार. उन्हाळ्यात पत्रे तापले की गुरुजी दोन वर्ग बाहेर चिंचेखाली बसवायचे. पाढे तिथेच व्हायचे, सुलटे झाले की उलटे. सतरा दाहे सत्तर्‌शेपासून खाली उतरत सतरापर्यंत. वर चिंचेत पोपटांचा कालवा, बांधावर कुणाचं तरी वासरू, लांबून पावश्याची हाक. खोलीत बसून अडखळणारी पोरं झाडाखाली धडधड म्हणायची. गुरुजींना हे बरोबर ठाऊक होतं. कठीण पाढा असला की ते दप्तरं उचलायला सांगत. कुठल्या ग्रंथात वाचून नव्हे, वर्षानुवर्षं पोरांचे चेहरे बघून.

बार्सिलोना शहरात पायम दादवंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३६ प्राथमिक शाळांतल्या सात ते दहा वर्षांच्या २,५९३ मुलांना वर्षभर वेळोवेळी तपासलं. २०१५ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शाळेच्या आवारात आणि आजूबाजूला झाडी जास्त, त्या मुलांची कार्यकारी स्मृती, म्हणजे हातातल्या कामापुरतं डोक्यात धरून ठेवण्याची ताकद, वर्षभरात अधिक वाढली आणि लक्ष उडण्याचं प्रमाण घटलं. यातला बराच भाग वाहनांच्या धुरातून सुटका झाल्यामुळे, असंही त्यांनी नोंदवलं. घराजवळच्या झाडीपेक्षा शाळेतल्या झाडीचा संबंध अधिक ठळक निघाला. आमच्या चिंचेखाली धूर फक्त चुलींचा, तोही सकाळचा. आज मुंबई-आग्रा रस्त्याला लागून असलेल्या शहापूर, आटगाव, खर्डीच्या शाळांतल्या मुलांचा विचार मनात येतो. त्यांच्या आवाराला झाडांची दाट भिंत हवीच हवी.

मात्र शास्त्राचं नाव घेऊन जास्तीचं सांगू नये. २०२२ साली अमेरिकेत १३,५९४ परिचारिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हिरव्या परिसरात राहणाऱ्या स्त्रियांचं लक्ष आणि विचारांची गती अधिक चांगली आढळली, पण नवं शिकून ध्यानात ठेवण्याच्या चाचणीत तसा फरक सापडला नाही. मला यात विसंगती वाटत नाही. झाड तुमच्यासाठी पाठांतर करत नाही. ते तुमचं लक्ष ताजं ठेवतं, आणि ज्याकडे नीट लक्ष गेलं तेच पुढे आठवतं. उरलेलं काम वाट करते. आपल्या मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा एक भाग आहे. मेंदूशास्त्रज्ञ जॉन ओकीफ यांनी १९७१ साली दाखवून दिलं, की उंदीर एका ठराविक जागी पोचला की त्याच्या मेंदूच्या या भागातल्या ठराविक पेशी जाग्या होतात. त्याबद्दल २०१४ साली मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. आणि जो भाग जागा ओळखतो, तोच घडलेल्या प्रसंगांची आठवणही साठवतो. आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग त्यात नवं काय?

कारण आमच्याकडे इतिहाससुद्धा जागेवरच शिकवला जाई. मामाच्या गावाहून माहुलीचे सुळके दिसायचे. नवरा, नवरी आणि भटोबा. मामा बोट दाखवून सांगायचा, १६३६ साली शहाजीराजे जिजाऊसाहेबांना आणि लहान शिवबांना घेऊन याच किल्ल्यावर होते, आणि निजामशाहीचा शेवट इथेच झाला. ते साल मला कधी पाठ करावं लागलं नाही. सिद्धगडाचंही तेच. स्वातंत्र्यलढ्यातले भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी त्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मे झाले. दरवर्षी त्या दिवशी पहाटे माणसं तिथे जमतात. शाळेने आम्हाला नेलं होतं तेव्हा हाडं गोठवणारी थंडी होती, झाडांवरून दव टपटपत होतं, आणि गुरुजी हळू आवाजात त्या रात्रीची हकीगत सांगत होते. पुस्तकात तो एक परिच्छेद होता. माझ्या मनात ते अख्खं रान आहे.

फांगणे हे मुरबाड तालुक्यातलं छोटंसं गाव आता सगळीकडे ठाऊक झालं आहे, ते तिथल्या आजीबाईंच्या शाळेमुळे. ८ मार्च २०१६ रोजी, जागतिक महिला दिनी, जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या साथीने ती सुरू केली. साठी ते नव्वदीतल्या बाया गुलाबी साड्या नेसून, दप्तर घेऊन, दुपारी घरची कामं उरकल्यावर शाळेत येतात, प्रार्थना म्हणतात, पाटीवर बाराखडी गिरवतात. कित्येकींना जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या नावाची सही करता आली. या शाळेच्या बातम्या वाचताना सगळे 'या वयात शिकतात' याचं कौतुक करतात, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्या पाटीपलीकडचं दिसतं. या बायांनी अक्षराच्या आधाराशिवाय साठ-सत्तर वर्षं केवढं डोक्यात वागवलं असेल! जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी, भाताच्या जुन्या वाणांची नावं, कुठल्या दुखण्याला कुठला पाला, कुणाचं बाळंतपण कुठल्या आवणीत झालं. सही शिकलेल्या हातांनी आता तेही कुणीतरी लिहून घ्यावं, असं फार वाटतं.

आमच्या आजीला ही शाळा लाभली नाही. ऐंशी ओलांडल्यावर तिला वडिलांनी कल्याणला आणलं. घर दुसऱ्या मजल्यावर, आणि तिच्या खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडायची. हाताशी सगळं होतं, डॉक्टर जवळ होते, सून जिवाला जीव देणारी होती. तरी आजी मिटत गेली. वार विसरायची, जेवण झालं का ते विसरायची, मला कधी वडिलांच्या नावाने, कधी काकाच्या नावाने हाक मारायची. मग एका जुलैत, आवणीच्या दिवसांत, आम्ही तिला गावी नेलं. रायत्याला उल्हास नदीचा पूल ओलांडला तशी ती खिडकीशी सरसावून बसली. सरळगाव मागे टाकल्यावर बोलायला लागली. दुसऱ्या दिवशी ओटीवर बसून तिने सुनांना सांगितलं, बेहड्याच्या खाचरात आधी पाणी अडवा, सावरीच्या माळावरचं आवण अजून कोवळं आहे, घाई करू नका. आणि ते तसंच होतं. मला तिने माझ्या नावाने हाक मारली. माझी आई आत जाऊन रडली.

एका म्हातारीच्या बरं वाटण्यावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मी जाणतो. विस्मरणाचा आजार झाडं बघून बरा होतो, असंही कुणी समजू नये. त्याला डॉक्टरच हवा. पण रॉजर उल्रिच यांचा १९८४ सालचा प्रसिद्ध अभ्यास वाचला तेव्हा मला पुस्तक खाली ठेवावं लागलं. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण. काहींच्या खिडकीतून झाडं दिसत, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. लंडनच्या सरकारी नोकरांवरचा २०१८ सालचा अभ्यासही तसाच. सुमारे साडेसहा हजार माणसं, दहा वर्षांचा काळ. हिरव्या वस्तीत राहणाऱ्यांची उतारवयातली बौद्धिक घसरण थोडी सावकाश झालेली दिसली. फरक लहान होता, पण होता. आजीच्या त्या खिडकीबाहेर एखादं झाड असतं तर, हा विचार अजून जात नाही.

आता गावाकडे जाताना ओळखीची झाडं कमी होत चालली आहेत. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा शहापूर तालुक्यातून जातो, तो ५ जून २०२५ रोजी खुला झाला. रस्ते हवेतच. आमच्या बाळंतिणी अडल्या की डोलीतून न्याव्या लागत, ते दिवस ज्याने पाहिले, तो रस्त्याविरुद्ध बोलणार नाही. पण रस्त्याबरोबर प्लॉट आले, कुंपणं आली, फार्महाऊसची हिरवळ आली. त्या हिरवळीत शेवळं उगवत नाहीत. हिरवा रंग तोच, पण त्यात बघण्यासारखं, ओळखण्यासारखं, वर्षभर वाट पाहण्यासारखं काही नाही. मुलांच्या मनाला जे खाद्य लागतं ते वेगवेगळेपणाचं. कारवी वर्षानुवर्षं नुसती हिरवी राहते आणि एका वर्षी सगळा डोंगर जांभळा करते. हे ज्याने एकदा पाहिलं, त्याला थांबायचं कसं ते कळतं.

सगळंच गेलेलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. तानसाचं धरण १८९२ सालचं. त्याच्या भोवतीचं रान पाण्यापायी जपलं गेलं आणि पुढे अभयारण्य झालं. त्याच रानात २०१४ साली रानपिंगळा दिसला. १८८४ नंतर शंभरावर वर्षं या घुबडाची कुठे पक्की नोंदच नव्हती. ते नामशेष झालं असं मानलं जात होतं, आणि १९९७ साली नंदुरबारकडे शहाद्याजवळ ते पुन्हा सापडलं. जगाने ज्याला विसरून टाकलं, तो पक्षी मुंबईपासून लोकलच्या अंतरावर राहत होता. अशा रानात आमच्या मुलांनी मोठं व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

दिवाळीच्या सुमारास मुरबाड-शहापूरकडे भात कापणीला आलेलं असतं, वाघबारस जवळ आलेली असते, नरकचतुर्दशीला फोडायला पोरं कुंपणावरची कारिटं गोळा करत असतात. तुमचं मूळ गाव तिकडचं असो की आणखी कुठलं, दिवाळीला जाल तेव्हा एक सकाळ राखून ठेवा. घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या थोरल्या बाईला बरोबर घ्या, मुलांच्या हाती वही द्या, आणि शिवाराला फेरी मारून झाडांची नावं, त्यांच्या जागा आणि त्यांच्या गोष्टी उतरवून घ्या. आणि गावच्या शाळेजवळचं एखादं जुनं झाड नव्या खोलीसाठी किंवा रस्त्यासाठी तोडायचं घाटत असेल, तर ग्रामसभेत उभं राहून आधी एवढं विचारा, की झाड ठेवून काम होणार नाही का?